कोकणातल्या घरात पोर्ट साठवायची, तर कुठली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळ वाडीत जांभ्याचं जुनं कौलारू घर, निवृत्तीनंतर तुम्ही दोघंच तिथे राहणार. मुलगी पोर्तुगालमध्ये नोकरीला आहे, येताना पोर्टच्या, म्हणजे तिथल्या गोड आणि कडक वाईनच्या, बाटल्या आणते आणि आता त्याची चटक लागली आहे. माजघरालगतची बाळंतिणीची खोली अंधारी आणि गार आहे, तिथे वीस-पंचवीस बाटल्या ठेवून त्या मुरवायचा विचार आहे. तर व्हिंटेज (एका निवडक सालाची, बाटलीत मुरणारी) घ्यावी, एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे उशिरा बाटलीत भरलेली) घ्यावी की टॉनी (लाकडी पिंपात मुरलेली)?

त्या खोलीत टॉनी ठेवा, तीही वर्षभरात संपेल इतपतच. व्हिंटेजचा नाद करायचा असेल तर आधी वाईनचा फ्रिज घ्या, आणि त्यात मावतील त्याहून एक बाटली जास्त घेऊ नका. एलबीव्हीचं बूच बघून ठरवा. बाकीचे प्रकार आणा आणि प्या, साठवण्यात अर्थ नाही.

वाईन सांभाळणं हा माझा धंदा होता, आधी मुंबईच्या हॉटेलांत, मग प्रवासी जहाजांवर. आता मुक्काम दापोली तालुक्यात, त्यामुळे हवा तुमची-आमची एकच.

आधी त्या खोलीबद्दल बोलू. बाहेरून घामेजून आत गेलं की ती गार वाटते, हे खरं. पण हाताला गार लागणं निराळं आणि वाईनला गार असणं निराळं. पोर्ट वर्षानुवर्षं ठेवायची तर १२ ते १५ अंश सेल्सिअस हवेत, आणि ते बारा महिने स्थिर हवेत. एक रिकामी बाटली पाण्याने भरा, फळीवर ठेवा आणि त्या पाण्याचं तापमान पहाटे आणि दुपारी चारला मोजा. हवेचं मोजू नका, दार उघडलं की ते हलतं. जांभ्याच्या जाड भिंतीत दिवस-रात्रीचा फरक जेमतेम अंशभर येईल, आणि खोलीचा मोठेपणा तिथेच आहे. पण आकडा थंडीत २४-२५ आणि मे महिन्यात २८-२९ दिसेल. ऑक्टोबर हीटमध्येही फारसं वेगळं नाही.

मग खणून तळघर करावं का, असं पुष्कळ जण विचारतात. नको. जमीन थोडी खोल गेली की त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी तापमानावर स्थिरावते. पोर्तुगालच्या पोर्तो शहराची सरासरी १५ अंशांच्या आसपास, म्हणून तिथलं तळघर फुकटात गार राहतं. रत्नागिरीची सरासरी २६-२७. तुम्ही पंधरा फूट खणलंत तरी खाली तेच २७ मिळणार, आणि आषाढात गुडघाभर पाणी मिळेल ते वेगळंच.

उष्णतेची ही अडचण खुद्द पोर्टच्या गावालाही आहे. द्राक्षं पिकतात ती दोउरो नदीच्या खोऱ्यात, आणि तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. म्हणून थंडीनंतर वाईन पिंपांत भरून, होडीत घालून नदीच्या मुखाशी, पोर्तोसमोर, व्हिला नोव्हा द गाया या गावी आणायची आणि समुद्राच्या गार, दमट हवेत मुरवायची, अशी शेकडो वर्षांची रीत होती. १९८६ पर्यंत तर पोर्टची निर्यात गायातूनच करावी लागे. वर खोऱ्यातच राहिलेल्या टॉनीला जी भाजल्यासारखी, काकवीच्या जवळची चव येते तिला धंद्यात 'दोउरो बेक' म्हणतात. काहींना ती आवडते, मलाही थोडी आवडते. पण ती पिंपातल्या वाईनची गोष्ट. बंद बाटलीतली वाईन गरम झाली की जे होतं त्याला कौतुकाचं नाव कुणी दिलेलं नाही.

(हा दोउरोचा प्रदेश आखून दिला गेला १७५६ मध्ये. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून वसई, चौल, कोर्लई सोडून जाणाऱ्या पोर्तुगीजांच्या पेल्यात आजच्या शिस्तीची पोर्ट नसणार. उगाच आठवलं म्हणून लिहिलं.)

आता प्रकार. पोर्ट बनते ती द्राक्षरसाचं आंबवणं अर्ध्यावर तोडून. साधारण निम्मी साखर उरलेली असताना त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, गोडी राहते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जातं. इथवर सगळ्या लाल पोर्ट सारख्याच. पुढे ती कुठे मुरली, लाकडात की काचेत, यावर सगळं ठरतं. लाकडात मुरलेली टॉनी बाटलीत येते तेव्हा तिचं शिक्षण झालेलं असतं. बाटलीत ती सुधारत नाही, फक्त टिकते. व्हिंटेजचं उलट आहे. ती दोन-तीन वर्षांतच, गाळल्याशिवाय, दाट जांभळी असताना बाटलीत जाते आणि पुढची वीस-तीस वर्षं आत बसून मुरते. व्हिंटेज म्हणजे अढीत घातलेला कच्चा हापूस समजा. गवतात सावकाश पिकला तर घर दरवळतं, आणि कार्बाईड लावलं तर साल पिवळी होते पण आत आंबट ते आंबटच. २७ अंशांची खोली व्हिंटेजच्या बाबतीत कार्बाईडचं काम करते. तापमान दहा अंशांनी चढलं की रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात, पण सगळ्या एकाच प्रमाणात नाही. रंग लवकर उडतो, फळ मनुकांसारखं शिजतं आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा, मात्र तसंच करकरीत राहतं.

म्हणून तुमच्या घराला टॉनी. लेबलवर १०, २०, ३०, ४० आणि अलीकडे ५० असे वर्षांचे आकडे दिसतील. २० म्हणजे आतला प्रत्येक थेंब वीस वर्षांचा, असं नव्हे. निरनिराळ्या वयाच्या वाईनचं ते मिश्रण असतं आणि त्याची चव त्या वयाला साजेशी आहे असं पोर्टच्या सरकारी संस्थेचं चव-मंडळ ठरवतं. माझ्या मते पैशाला सगळ्यात जास्त जागते ती २० वर्षांची. १० वाली गोड आणि मोकळी, रोजच्या माणसांसाठी. २० मध्ये अक्रोड, सुकं अंजीर, संत्र्याची साल, सगळं येतं आणि ताजेपणाही शाबूत असतो. ४० वाली चाखायला थोर, पण किंमत अशी की पाहुण्याने दुसरा पेला मागितला की आपला चेहरा उतरतो.

टॉनी घेताना आकड्याहून महत्त्वाची गोष्ट मागच्या लेबलवर बारीक अक्षरात असते, बाटलीत भरल्याचं वर्ष. मुलीला सांगा, दुकानात बाटली उलटी फिरवून ते वर्ष आधी वाच. गेल्या दोन-तीन वर्षांतलं असेल तर उचल. दहा वर्षांपूर्वी भरलेली टॉनी कुणी 'जुनी आहे' म्हणून चढ्या भावात देत असेल तर ठेव तिथेच. घरी आणल्यावर टॉनी उभी ठेवायची. तिचं बूच प्लॅस्टिकची टोपी असलेलं, हाताने उपसायचं असतं. आडवं ठेवून ओलं ठेवायची त्याला गरज नाही, उलट गरमीत तेच पाझरतं.

तिचा दुसरा फायदा आपल्या पंचांगाशी जुळणारा आहे. उघडलेली जुनी टॉनी साध्या फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे आरामात राहते, कधी त्याहून जास्त. गटारीला फोडलेली बाटली श्रावण पाळून पुन्हा हातात घेतली तरी तिने फारसं काही गमावलेलं नसतं. व्हिंटेज दोन दिवसांत, फार तर तिसऱ्या दिवशी संपवावीच लागते, आणि तुम्ही घरात दोघंच. मुंबईकर चाकरमानी आले म्हणजे बाटली तासाभरात संपेल म्हणा, पण ते येतात गणपतीत.

टॉनी गार करून घ्या, १२-१४ अंशांवर. आपल्या हवेत 'रूम टेंपरेचर' हे शब्द विसरायचे. सोबत भाजलेले काजू आहेतच, पण एकदा मालवणी खाजं घेऊन बघा. गूळ आणि आलं टॉनीच्या चवीत असं काही मिसळतं की चॉकलेटची आठवण येत नाही.

टॉनीच्याच घराण्यातली कोल्हेइता नावाची पोर्ट असते. एकाच सालाच्या द्राक्षांची, किमान सात वर्षं लाकडात मुरलेली. लेबलवर ठळक साल असल्यामुळे लोक तिला व्हिंटेज समजतात आणि पंधरा वर्षं सांभाळायला बसतात. तसं करू नका, तीही तयार होऊन आलेली असते. मात्र मुलीच्या जन्मसालाची किंवा लग्नाच्या सालाची बाटली हवी असेल तर कोकणात हाच शहाणा रस्ता. व्हिंटेज सगळ्या सालांची निघत नाही, कोल्हेइता बहुतेक सालांची सापडते. इथेही बाटलीत भरल्याचं वर्ष बघायचं. १९९० ची आणि गेल्या वर्षी भरलेली असेल तर उत्तम.

एलबीव्हीही एकाच सालाच्या द्राक्षांची, पण चार ते सहा वर्षं पिंपात राहून मग भरलेली. यात दोन जाती आहेत आणि लेबल वरवर सारखंच दिसतं. टोपीचं बूच असेल तर ती गाळलेली आहे. घेतली, प्यायली, आठवड्यात संपवली. कॉर्कस्क्रू लावावा लागेल असं लांब बूच असेल आणि लेबलवर 'अनफिल्टर्ड' लिहिलं असेल, तर ती वाईनच्या फ्रिजमध्ये पाच-सात वर्षं सुधारू शकते. व्हिंटेजची हौस निम्म्याहून कमी खर्चात भागवायची तर ही. माझ्याकडे फ्रिजचा खालचा कप्पा हिच्यासाठीच असतो.

रुबी आणि रिझर्व्ह हे साधे, तयार प्रकार साठवू नका. पांढरी आणि गुलाबी तर नाहीच. पांढरी पोर्ट, टॉनिक, भरपूर बर्फ आणि लिंबाची चकती, मे महिन्याच्या संध्याकाळी पडवीत बसून, यापलीकडे तिच्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. क्रस्टेड म्हणून एक चांगला प्रकार आहे, मुलीला कुठे दिसला तर आणू दे, वागणूक गाळ न काढलेल्या एलबीव्हीसारखीच.

आता व्हिंटेज, कारण मन तिकडेच ओढ घेणार हे मला ठाऊक आहे. नामांकित कंपन्या दर दशकात साधारण तीनेक वर्षंच व्हिंटेज म्हणून जाहीर करतात. २०११, २०१६ आणि २०१७ ही अलीकडची गाजलेली सालं. लागोपाठ दोन वर्षं अशी जाहीर होणं हा दुर्मीळ योग. २०१७ ची बाटली आज घेतली तर थंड तळघरात ती २०४० च्या सुमाराला खरी रंगात येईल. तुमची साठी धरली तर हिशेब तुम्हीच करा. आणि एवढी वर्षं तो फ्रिज, ती वीज, तो इन्व्हर्टर अखंड चालायला हवा. त्यापेक्षा पिकलेली बाटली विकत घ्या. १९९४, २०००, २००३ या सालांच्या बाटल्या पोर्तोच्या दुकानांत मिळतात, आणि त्यांची वीस-तीस वर्षं गायाच्या गारव्यात दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या खर्चाने सांभाळलेली असतात. नाहीतर एकाच मळ्याची, सिंगल क्विंटा व्हिंटेज बघा, टेलर्स कंपनीची वार्जेलास किंवा ग्रॅहम्स कंपनीची मालवेदोस. मोठी जाहीर वर्षं सोडून मधल्या सालांत त्या निघतात, लवकर तयार होतात आणि स्वस्त पडतात. अर्ध्या बाटल्या मिळाल्या तर त्याच आणा. दोन माणसांना ३७५ मिलिलिटर एका रात्रीला पुरे, आणि उद्याची चिंता नाही.

व्हिंटेज आडवीच ठेवायची, आणि नेहमी एकच बाजू वर. आत गाळाची साय धरते ती खालच्या बाजूला चिकटून राहावी म्हणून जुन्या तळघरांत बाटलीच्या वरच्या अंगाला पांढऱ्या रंगाचा फटकारा मारत. आपण चुन्याचा ठिपका द्यावा, घरात असतोच. प्यायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करायची, गाळ तळाशी बसू द्यायचा, मग मानेमागे टॉर्च धरून एका दमात सावकाश ओतायची. मानेत काळी रेघ आली की थांबायचं. खाली उरलेलं अर्धी वाटी मटणाच्या रश्शात घाला, वाया जात नाही.

वाईनचा फ्रिज घेताना कॉम्प्रेसरचाच घ्या. थर्मोइलेक्ट्रिक म्हणून जे छोटे, बिनआवाजाचे, दिसायला गोंडस मिळतात ते बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच खाली जाऊ शकतात. मे महिन्यात बाहेर ३४ झालं की आत विशीच्या खाली उतरायला ते धापा टाकतात. नवा घ्यायचा नसेल तर जुना एका दाराचा फ्रिज आणि त्याच्या प्लगला बाहेरचा तापमान नियंत्रक लावून १४ अंशांवर बांधला तरी काम होतं. फ्रिज समुद्राकडच्या भिंतीला नको. खारा वारा मागच्या जाळीला दोन पावसाळ्यांत गंज चढवतो. तुमची बाळंतिणीची खोली फ्रिजसाठी मात्र अव्वल आहे: ऊन नाही, वारा नाही, तापमान स्थिर, कॉम्प्रेसरला कष्ट कमी. मागे वीतभर जागा सोडा आणि स्टॅबिलायझर लावाच.

लाईट जाण्याची फार धास्ती घेऊ नका. बाटल्यांनी भरलेला फ्रिज लगेच तापत नाही, दार उघडलं नाही तर दिवसभरात दोन-चार अंश चढतील. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेवढे दिवस बाटली २७-२८ अंशांवर राहिली म्हणून ती मरत नाही. तिला मारतं ते वर्षानुवर्षं तिथेच राहणं, किंवा एकदाच चाळिशी पार करणं. म्हणून खरी काळजी घ्यायची ती मुंबई ते गुहागर प्रवासात. मे महिन्यात गाडीच्या डिकीत बाटल्या टाकून माणगावला जेवायला थांबलात तर पंधरा अंशांत जपलेली वीस वर्षं तेवढ्या वेळात गेली म्हणून समजा. पायाशी, एसीच्या वाऱ्यात, थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा.

उष्णता लागलेली बाटली ओळखता येते. बुचावरची पन्नी दोन बोटांनी फिरवून बघा. सहसा ती फिरते. घट्ट चिकटली असेल तर आतून वाईन पाझरून साखर वाळलेली असते. बूच काठाच्या वर आलेलं असेल, किंवा मानेखाली चिकट ओघळ असेल, तर ती बाटली मुरवायला ठेवू नका, आधी संपवा. पावसाळ्यात लेबलांवर बुरशी येते, तिने वाईनचं काही बिघडत नाही. बाटलीला क्लिंग फिल्मचे दोन वेढे दिले की लेबल वाचतं. लाकडी खोकी मात्र खोलीत ठेवू नका, वाळवीला आमंत्रण.

नकलीबद्दल दोन शब्द. गोव्यात 'पोर्ट वाईन' म्हणून स्वस्तात मिळणारी लाल गोड वाईन दोउरोची नव्हे. थंड करून प्यायला हरकत नाही, साठवण्याचा प्रश्नच नाही. खऱ्या पोर्टच्या बुचावरून मानेवर उतरणारी, क्रमांक छापलेली कागदी पट्टी असते, ती बघून घ्या. गोव्याहून बाटल्या भरून आणायचा मोह झाला तर बांद्याच्या अलीकडे इन्सुलीचा तपासणी नाका आहे हे लक्षात असू द्या. घरात साठा करायचा तर तुमच्या नावावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हवा आणि साठ्याला मर्यादा आहे. रत्नागिरीच्या कार्यालयात विचारून मगच फ्रिजचा आकार ठरवा. मुलीने आणलेल्या बाटल्यांची बिलं फाईलला लावून ठेवा.

विमानाने येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, त्यात दोन पूर्ण आणि एक अर्धी बाटली बसते. या खेपेला मी तिला अशी यादी दिली असती: २० वर्षांची टॉनी एक, अनफिल्टर्ड एलबीव्ही एक आणि २००० किंवा २००३ च्या व्हिंटेजची अर्धी. फ्रिज अजून आलेला नसेल तर ती अर्धी साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. विमानात गाळ ढवळला गेलेला असतो, तो बसायला तीन-चार आठवडे द्या, आणि दिवाळीच्या आत उघडा.